गोळी कुटू नका, गिळायला शिकवा

‘‘गोळी कुटून दिली तर चालेल का ओ काकू?’’

औषधांच्या दुकानात उभं राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न दिवसातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. शेजारी तिची ओढणी धरून सात-आठ वर्षांचं मूल उभं असतं. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे त्याला कळलेलं असतं आणि ते काचेच्या कपाटातल्या टूथब्रशांकडे बघत असतं. माझं उत्तर ठरलेलं. ‘‘आधी गोळी दाखवा.’’ काही गोळ्या कुटून चालतात, काही मुळीच चालत नाहीत, आणि ते गोळीच्या रंगावरून किंवा आकारावरून कळत नाही.

तापाची गोळी असली तर प्रश्न दोन-तीन दिवसांचा. जंताची गोळी तर चावूनच खायची असते. पण झोपेसाठी दिलेली गोळी रोज रात्री, कित्येकदा महिनोन् महिने द्यावी लागते. तीही अशा वेळी, की मूल पेंगुळलेलं आणि किरकिरं झालेलं असतं आणि घरातल्या मोठ्यांचाही दिवसभराचा धीर संपलेला असतो. गोळीवरून रडारड, ओढाताण, ओकारी झाली की ज्या झोपेसाठी एवढा खटाटोप, तीच उडते. बेळगावात सत्तावीस वर्षं काउंटरमागे उभी राहून मी एवढं शिकले आहे, की गोळी गिळणं ही सायकल चालवण्यासारखी शिकायची गोष्ट आहे. ती शिकवायची वेळ रात्री नऊची नाही, दुपारी चारची आहे.

पण आधी त्या ‘झोपेच्या गोळी’बद्दल. हे दोन शब्द आपल्याकडे फार बदनाम आहेत. जुन्या सिनेमांत झोपेच्या गोळ्यांची बाटली दिसली की पुढे काय होणार हे सगळ्या थिएटरला कळायचं. त्यामुळे लहान मुलाला झोपेसाठी औषध सुरू आहे हे आया सासरी सांगत नाहीत, शेजारी तर नाहीच. दुकानातसुद्धा गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतात आणि मग चिठ्ठी पुढे सरकवतात. एकीने मला हळू आवाजात विचारलं होतं, ‘‘सवय लागंल काय ओ? पोरगं गुंगीत राहील काय?’’ तिला तो प्रश्न कुणालाच विचारता आला नव्हता, डॉक्टरांनाही नाही.

मुलांना यासाठी आज डॉक्टर बहुतेक वेळा मेलॅटोनिन देतात. हे औषध जुन्या गुंगीच्या गोळ्यांच्या जातीचं नाही. मेलॅटोनिन आपल्या मेंदूतली एक छोटी ग्रंथी रोज अंधार पडला की स्वतःच तयार करते. अमेरिकेत येल विद्यापीठात अॅरन लर्नर यांनी १९५८ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं. ‘रात्र झाली’ असा निरोप शरीराला पोचवणं हे त्याचं काम. स्वमग्न मुलांमध्ये, अतिचंचल मुलांमध्ये झोपेची तक्रार फार आढळते. स्वमग्न मुलांपैकी तर अर्ध्याहून अधिक मुलांना ती असते. अशा मुलांना डॉक्टर बाहेरून थोडं मेलॅटोनिन देऊन पाहतात.

‘देऊन पाहतात’ हे मी मुद्दाम लिहिलं. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत गोळी लिहीत नाही. तो दोन आठवडे झोपेची वही ठेवायला सांगतो. किती वाजता पडला, किती वाजता लागला, कितीदा उठला, दुपारी झोपला का. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी. वही लिहिली की पुष्कळ गोष्टी आपोआप उघड होतात. चंदगड, खानापूरकडून शाळेसाठी रोज बेळगावला येणारी मुलं परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून पाऊण तास गाढ झोपतात आणि मग रात्री अकरापर्यंत टक्क जागी. कुठे संध्याकाळी सहाला बशीतून चहा मिळतो. कुठे अंथरुणात मोबाइलवर कार्टून चालू असतं आणि डोळ्यांवर पडणारा तो उजेड अंगातलं मेलॅटोनिनच दाबून टाकतो. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी तपासाव्या लागतात. रात्री पाय सारखे हलवत असेल तर अंगातलं लोह कमी आहे का ते बघावं लागतं. यातलं काही निघालं तर गोळीची गरजच उरत नाही. आणि सर्दीचं किंवा अॅलर्जीचं सिरप ‘पोर निदान झोपतं तरी’ म्हणून देणाऱ्यांना मी सिरप देत नाही. वाईटपणा येतो, येऊ दे.

हे सगळं करूनही ज्यांची झोप येत नाही अशी मुलं उरतातच. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा त्यातला. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, नाव-गल्ली अर्थातच सांगणार नाही. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. बोलतो, पण मोजकं. रेल्वेचं अतोनात वेड. रात्री एकच्या आधी झोप नाही, पहाटे पाचला जागा. दोन खोल्यांचं घर, त्यामुळे तो जागा म्हणजे सगळे जागे. आई दिवसा त्याच्यामागे आणि रात्रीही त्याच्यामागे. वडील पहिल्या पाळीला मशीनवर उभे, आणि एकदा उभ्या उभ्या डुलकी लागून हात जाता जाता वाचला. तेव्हा कुठे ते डॉक्टरांकडे गेले. वही झाली, चहा बंद झाला, टीव्ही आठला बंद झाला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग डॉक्टरांनी मेलॅटोनिनची हळूहळू विरघळणारी गोळी लिहिली.

ती गोळी आई लाटण्याने कुटायची आणि शिऱ्यात कालवून द्यायची. मुलगा नऊला पटकन झोपायचा आणि साडेबाराला टक्क उठून बसायचा. पंधरा दिवसांनी ती दुकानात आली ती ‘एक पुरत नाही, दोन देऊ का’ हे विचारायला. आणि जाता जाता म्हणाली, ‘‘आता शिरा खाईनासा झालाय की ओ. खीर पण नको म्हणतो. पिवळं, गोड दिसलं की ताटच ढकलतो.’’

दोन्ही गोष्टींचं कारण एकच होतं. मेलॅटोनिन शरीरात फार वेळ टिकत नाही, तासाभरात त्यातलं निम्मं निघून जातं. म्हणून ज्या मुलाला झोप लागायलाच वेळ लागतो त्याला साधी गोळी चालते, आणि ज्याची झोप मधेच मोडते त्याला औषध रात्रभर थोडं थोडं सोडणारी गोळी देतात. ही गोळी म्हणजे ठिबक सिंचनाची नळी समजा. कुटली की नळी फुटली. सगळं पाणी एकदम वाहून गेलं, पहाटेसाठी काही उरलं नाही. साडेबाराला तो उठत होता त्यात गोळीचा दोष नव्हता आणि दोन गोळ्या कुटूनही तो साडेबाराला उठलाच असता. शिऱ्याचं म्हणाल तर स्वमग्न मुलांच्या आवडीचे पदार्थ आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात कडवट चव लपलेली सापडली की तो पदार्थ कायमचा गेला. असे तीन पदार्थ त्या घराने पंधरा दिवसांत गमावले होते.

गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, पीआर अशी अक्षरं असली की समजावं, ही हळूहळू विरघळणारी गोळी आहे, कुटायची किंवा चावायची नाही. मधे रेघ असली तरी कुटायला परवानगी मिळाली असं होत नाही. शंका असेल तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग गिळायची नसलेली गोळी मिळत नाही का? मिळते. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, पातळ औषध आहे, आणि आधी डॉक्टरांना तेच विचारावं. पण ती बहुतेक एकदम सुटणारी असतात, मधेच मोडणाऱ्या झोपेला पुरत नाहीत. राहिल्या गमी, म्हणजे ती रंगीत जेलीची अस्वलं. ऑनलाइन मागवता येतात म्हणून हल्ली पुष्कळ घरांत शिरली आहेत. अमेरिकेत २०२३ साली अशा पंचवीस प्रकारच्या गमी तपासल्या, तर त्यांतल्या बावीसांवर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळत नव्हतं. एकीत तर लिहिल्याच्या साडेतीनपट औषध निघालं. त्याच देशात २०१२ ते २०२१ या काळात मुलांच्या पोटात नको तितकं मेलॅटोनिन गेल्याच्या, विषबाधा केंद्रांकडे आलेल्या नोंदी पाचपटीहून अधिक वाढल्या. खाऊसारखं दिसणारं औषध मूल खाऊसारखंच खाणार. युरोपात स्वमग्न मुलांसाठी २०१८ मध्ये हळूहळू विरघळणाऱ्या मेलॅटोनिनची फक्त तीन मिलिमीटरची गोळी मान्य झाली, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. पण तीही अखंडच गिळायची असते. दही किंवा आइस्क्रीममध्ये ठेवून दिली तर चालते, चावलेली चालत नाही. म्हणजे फिरून गाडी गिळण्यावरच येते.

मी डॉक्टरांना फोन केला. मुलाला जेवताना ठसका लागतो का, पाणी नाकातून येतं का, हे त्यांनी आईला विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. ज्यांना असं होतं, किंवा मेंदूच्या विकारामुळे ज्यांना गिळायलाच त्रास आहे, त्यांना घरी शिकवू नये. त्यांना वाचा-उपचार तज्ज्ञांकडे न्यावं. गिळण्याचं शिक्षण हाही त्यांचाच विषय आहे. डॉक्टरांनी दोन आठवडे गोळी थांबवली आणि आम्ही शिकवणीला लागलो.

पहिली गोष्ट, आपली मुलं पाणी पितात कशी? आपल्याकडे तांब्या-फुलपात्र वर धरून, मान मागे टाकून, तोंड न लावता पाणी ओतून घ्यायची रीत. सोवळ्याच्या दृष्टीने ती छान असेल, गोळी गिळायला मात्र सर्वांत वाईट. मान मागे गेली की घसा ताणला जातो, श्वासाची वाट उघडी पडते आणि ठसका लागतो. मुलाला ताठ बसवावं, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले हवेत. पेला ओठांना लावून एक मोठा घोट घ्यायचा आणि एकदम गिळायचा. निव्वळ पाण्याचा. आमच्या मुलाला हेच येत नव्हतं. तो चिमणीसारखं टिपून प्यायचा. पहिले तीन दिवस नुसता घोटच चालला होता.

मग दाणे. जगभर हे असंच शिकवतात, केकवर लावायच्या बारीक रंगीत दाण्यांपासून सुरू करून हळूहळू मोठ्या गोळ्यांपर्यंत. आपल्याला केकच्या दुकानात जायची गरज नाही. होमिओपॅथीच्या दुकानात औषध न घातलेल्या साखरेच्या पांढऱ्या गोळ्या वेगवेगळ्या नंबरांच्या, म्हणजे वेगवेगळ्या आकारांच्या मिळतात. शिकवणीसाठी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. स्वस्त, गुळगुळीत, आणि घशात रेंगाळली तरी विरघळून जाते. साखर नको असेल तर मऊ भाताचं एक शीत, नंतर खिरीतला शिजलेला साबुदाण्याचा दाणा. खीर पिताना मूल साबुदाणा न चावता गिळतच असतं, त्याला ते आठवून दिलं की अर्धी भीती जाते. संक्रांतीचा हलवा घरात असतो म्हणून काहीजण तो घेतात. मी नको म्हणते. त्याला काटे असतात आणि आत तीळ असतो तो विरघळत नाही. शेंगदाणा, फुटाणा, चणा यांना तर हातही लावू नये.

नियम थोडे आहेत. तोंड आधी पाण्याने ओलं करायचं, कोरड्या जिभेला दाणा चिकटतो. दाणा जिभेच्या मधोमध ठेवायचा. फार मागे ढकलला की उबळ येते, अगदी टोकावर ठेवला तर मूल तो चघळतं. मग घोट, आणि गिळ. एका आकारावर पाच वेळा सहज जमल्याशिवाय पुढचा आकार नाही. दोनदा फसलं की मागच्या आकारावर यायचं, एकदा जमवून घ्यायचं आणि डबी बंद. पाच मिनिटं, फार तर दहा. मूल ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच थांबवलं तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून येऊन बसतं.

इथे त्या आईने जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. तिने सहा छोट्या डब्या घेतल्या आणि त्यांवर स्टेशनांची नावं लिहिली. सगळ्यांत बारीक दाण्याची डबी देसूर. मग खानापूर, गुंजी, लोंढा, तिनईघाट. शेवटची, खऱ्या गोळीच्या आकाराची, कॅसलरॉक. पाण्याच्या पेल्याचं नाव दूधसागर. (दूधसागर कॅसलरॉकच्या पुढे येतो, हे मुलाने लगेच सांगितलं. पण प्रत्येक स्टेशनावर पाणी लागतंच, म्हणून त्याने चालवून घेतलं.) रोज चार वाजता गाडी सुटायची. देसूर आणि खानापूर एका दिवसात झालं. गुंजीला तीन दिवस सिग्नल मिळाला नाही. आईने गाडी परत खानापूरला आणली, कुणी रागावलं नाही, आणि चौथ्या दिवशी गुंजी सुटलं.

लोंढ्याला पुन्हा अडलं. दाणा जिभेवर, पाणी पोटात, दाणा तिथेच. इथे मानेचा उपयोग होतो. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये मुलांना मान पाच तऱ्हेने ठेवून गिळायला शिकवलं. सरळ, थोडी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ज्याला जी बाजू जमते ती त्याने धरायची. मोठ्यांना हे विचित्र वाटतं. मुलांना हा खेळ वाटतो आणि ‘तुला जमत नाही’ याऐवजी ‘तुझी बाजू कोणती ते शोधू’ असं बोलणं सुरू होतं. आमच्या मुलाची बाजू निघाली डावी. कारण मला सांगता येणार नाही. डावीकडे मान वळवली आणि दाणा गेला.

कॅप्सूल असेल तर हिशेब वेगळा. पेल्यात कॅप्सूल टाकून मुलाला दाखवा, ती तरंगते. साधी गोळी बुडते. तोंडातल्या पाण्यातही तेच होतं. म्हणून कॅप्सूल तोंडात घेऊन, घोट घेऊन, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायची. कॅप्सूल वर तरंगत घशाकडे जाते. जर्मनीत हायडेलबर्ग इथे २०१४ साली १५१ मोठ्या माणसांवर हे करून पाहिलं, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक कॅप्सूल अशा झुकून गिळणं सोपं गेलं होतं. चिठ्ठी घेऊन येणाऱ्या आजोबांनाही मी हेच सांगते. मान मागे टाकून कॅप्सूल गिळणारे आजोबा आपल्याकडे घरोघर आहेत.

पाण्याने काही केल्या जमत नसेल तर एक चमचा घट्ट दही, आमरस, कुस्करलेलं केळं. गोळी अख्खी, चमच्यात वर ठेवलेली, मुलाला दाखवून. वाटीभर दह्यात लपवून नको. वाटी संपली नाही तर औषध किती गेलं कळत नाही, आणि लपवलेलं सापडलं तर काय होतं ते शिऱ्याच्या बाबतीत पाहिलंच. कोणत्या औषधाबरोबर दूध-दही चालत नाही हेही एकदा विचारून घ्यावं.

फसवणुकीबद्दल माझं मत कडक आहे. औषधाला ‘चॉकलेट’ म्हणू नये आणि सरावाच्या साखरगोळ्यांना ‘औषध’ म्हणू नये. आमच्याकडे कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं गोळीला ‘गुळगी’ म्हणतात. मराठी म्हणा, कन्नड म्हणा, औषधाचं नाव औषधच असलं पाहिजे. मुलाला डबीतला खाऊ आणि स्ट्रिपमधली गोळी यांतला फरक पक्का कळायला हवा, नाही तर एक दिवस ते अख्खी स्ट्रिप चॉकलेट समजून खाईल.

दुसरी एक गोष्ट घरोघरच्या आज्यांना सांगायची आहे, रागावू नये. ‘नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही’ ही म्हण म्हण म्हणूनच ठीक. खरोखर नाक दाबून गोळी कोंबली की मूल रडता रडता तोंडाने श्वास ओढतं आणि गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. झोपलेल्या किंवा आडव्या मुलाच्या तोंडात गोळी टाकणंही तसंच. पडल्या पडल्या घेतलेली गोळी अन्ननलिकेला चिकटून बसते आणि तिथे जखम करते. गोळी नंतर पाच-दहा मिनिटं तरी मूल बसलेलं हवं, आणि सरावातही मोठं माणूस समोर हवं. ओकारी आल्यासारखं झालं तर घाबरू नका, तो घशाचा पहारेकरी आहे, सरावाने शांत होतो. जोराने खोकत असेल तर खोकू द्या. मात्र आवाजच निघेना, श्वास घेता येईना, ओठ काळे-निळे पडू लागले तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्यायच्या आणि दुसऱ्याने १०८ला फोन करायचा. साखरेच्या दाण्याने ही वेळ येऊ नये, शेंगदाण्याने येते.

तिनईघाट सोपं गेलं. सोळाव्या दिवशी गाडी कॅसलरॉकला पोचली. आईने मला फोनवर फक्त ‘‘काकू, कॅसलरॉक!’’ एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतरही दोन दिवस खरी गोळी दिली नाही, साखरेचीच दिली, पण रात्री, खऱ्या वेळेला, त्याच पेल्यातून. मग डॉक्टरांना विचारून खरी सुरू झाली. आता त्यांचा क्रम असा आहे. साडेसातला जेवण, आठला टीव्ही बंद आणि ट्यूबलाइटऐवजी छोटा पिवळा दिवा, सव्वाआठला दूधसागर आणि गोळी, दात घासणं, रेल्वेच्या वेळापत्रकाचं पुस्तक, नऊला अंथरूण. क्रम पाहुणे आले तरी बदलत नाही. लग्नाला गेले तर पेला बरोबर जातो.

झोप एकदम सुधारली नाही. पहिल्या आठवड्यात तो दोनदा तीनला उठला. महिन्याच्या अखेरीस वहीत नऊ-सव्वानऊ ते पाच असं बहुतेक रात्री लिहिलेलं होतं. नऊ तास अजून होत नाहीत, पण आठपर्यंत मजल गेली आहे. वडिलांची पाळी तीच आहे. आई दुपारी अर्धा तास पडते, आणि ते तिने मला अशा तऱ्हेने सांगितलं, की जणू काही चैनच करते आहे. सासूबाईंना तिने गोळीचं काय ते सांगून टाकलं. त्या आधी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, मला रक्तदाबाची गोळी मोडून घ्यावी लागते, ती चालते काय विचार. तीही सावकाश विरघळणारीच निघाली.

शिरा परत सुरू झालेला नाही. आई ताटात एक कण ठेवते, तो बाजूला सारतो, ती काही बोलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेची धावपळ नसताना, काही दिवस गोळी बंद करून बघू या असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तोवर स्ट्रिप कपाटाच्या वरच्या खणात कुलपात असते, आणि सहा डब्या खाली, त्याच्या हाताला येतील अशा. त्याची पाच वर्षांची बहीण सध्या देसूरला आहे.